आधी हुंगा, मग काडी

१

सत्यशीला रामटेके मेली त्या सकाळी तिनं पांढरी साडी नेसली होती. चौदा एप्रिल एकोणीसशे शहाऐंशी, बाबासाहेबांची जयंती. फोटोपुढं मेणबत्ती लावायला ती प्रयोगशाळेत गेली, स्टुलावर चढली, काडी ओढली, आणि खोलीच पेटली. टिनाचं छप्पर उडून शेजारच्या वावरात पडलं. साडी नायलॉनची होती. चंद्रपूरच्या रस्त्यावर जीपमध्येच ती गेली आणि जाईपर्यंत शुद्धीवर होती. याच्यापुढं त्या जीपबद्दल मी बोलणार नाही. मी तिच्या पायाशी बसलो होतो.

मी गुलाब नन्नावरे, तेव्हा त्या भागात हवालदार. ठाण्याचं नाव विचारू नका, माझी लाज माझ्यापुरती राहू द्या. चिमूरहून जंगलात शिरणाऱ्या रस्त्यावर तेव्हा एक संशोधन केंद्र होतं. तिथं गोबर गॅस टाकीत भरून जीप चालवायचा उद्योग चालायचा. लोक हसायचे, म्हणायचे, शेणावर गाडी चालली तर बैलानं काय करायचं. पण गाडी चालायची. युक्ती कोळशात होती. बेलफळाच्या कवट्या जाळून, त्या लाल कोळशावर वाफ सोडून एक खास कोळसा बनवायचे. त्याच्या कणाकणात डोळ्याला न दिसणारी भोकं. टाकीत हा कोळसा भरला की गॅस त्या भोकांत जाऊन चिकटून बसायचा, आणि साध्या टाकीत मावतो त्याच्या कितीतरी पट गॅस थोड्याच दाबात मावायचा. हे मला तिथं प्रयोग करणाऱ्या सत्यशीलानंच एकदा समजावून सांगितलं होतं. मी जांभई दिली होती.

केंद्राचे प्रमुख डॉक्टर हरिदास बल्की. माणूस इकडचाच, पण बोलणं पुण्याचं करून आलेला. प्रत्येक भिंतीवर त्यांनी लाल रंगात लिहून घेतलं होतं: ‘आधी हुंगा, मग काडी लावा.’ गोबर गॅसला सडक्या अंड्याचा वास येतो. वास आला तर गॅस आहे, नाही आला तर नाही. शाळेत न गेलेल्यालाही कळेल असा नियम होता, आणि सगळे तो पाळायचे.

सत्यशीलाच्या मागं दारात सफाईवाली बायनाबाई फुलं घेऊन उभी होती. तिच्या भुवया जळाल्या, ती वाचली. ती मला पहिल्यांदा एवढंच म्हणाली, “ताईनं हुंगलं, भाऊ. दोनदा हुंगलं. म्हणे वास नाई, अन् मंगच काडी ओढली.”

हे वाक्य मी कागदावर लिहिलं आणि विसरून गेलो.

२

विसरलो, कारण तोवर गुन्हेगार आमच्या हाती लागला होता.

गॅसच्या प्लांटपासून प्रयोगशाळेत एक रबरी नळी येत होती. ती नळी भिंतीच्या आतल्या बाजूला कापलेली सापडली. कापणारा कोयता तिथंच नळीखाली पडला होता. कोयता जंगूचा.

जंगू म्हणजे भट्टीवाला. जंगलातल्या पाड्यावरचा गोंड माणूस, पन्नाशीचा. कोळसा चांगला निघाला की नाही हे तो दोन बोटांत तुकडा धरून, नखानं टिचकी मारून, कानाशी नेऊन सांगायचा. मशीन दुसऱ्या दिवशी तेच सांगायचं. स्टोअरकीपर गुणवंतरावांनी आम्हाला सांगितलं, की शनिवारी जंगूचं आणि सत्यशीलाचं कडाक्याचं भांडण झालं. जंगू ओरडत होता, “माहा कोळसा खोटा नाई.” दोन दिवसांनी पोरगी जळून मेली. आणखी काय पाहिजे होतं?

फौजदार साहेब म्हणाले, “गुलाब, कबुली घे.” मी घेतली. म्हणजे घ्यायला लागलो. अटक कागदावर दाखवली नव्हती, त्यामुळे वेळ भरपूर होता. साहेबांनी ठरवलं होतं, शुक्रवारी अंगठा घ्यायचा, अटक दाखवायची आणि त्याला चंद्रपूरला पाठवायचं. एकदा तिकडं गेला की तो फाशीला जातो की जन्मठेपेला, एवढाच प्रश्न उरत होता.

मी तेव्हा वाईट माणूस होतो असं नाही. मी कामाचा माणूस होतो. ते जास्त वाईट.

जंगू रडला नाही. एकच गोष्ट धरून बसला, “टाकी रिकामी नोहोती, साहेब. म्या बंद केलती. बल्की साहेबानं आत ठेवाले सांगतली.” आता ती टाकी मी स्वतः पाहिली होती. जळक्या प्रयोगशाळेच्या मागच्या कोठीत पडली होती, आणि तिच्या घड्याळाचा काटा शून्यावर होता. आदल्या संध्याकाळी पाच जणांसमोर ती रिकामी केल्याचं सगळेच सांगत होते. मला वाटलं, हा मला येडं समजून राह्यला. मी त्याचा उजवा हात टेबलावर ठेवला आणि दांडका उचलला.

तीन बोटं गेली. तरी तो तेच बोलत होता.

३

बुधवारी देवरावभाऊ आले. देवराव लोणारे, चांद्याच्या म्हणजे चंद्रपूरच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले सरदार. खाणीत सरदार म्हणजे जो मजुरांच्या आधी आत जातो आणि गॅस आहे का ते बघतो. स्फोटाचं कारण लिहून द्यायला फौजदारांना कोणीतरी जाणकार पंच पाहिजे होता. कागद तयारच होता, त्यांनी फक्त सही करायची होती.

म्हातारा बारीक, खोकणारा, हातात पितळेची खाणीतली बत्ती. आम्ही त्यांना कापलेली नळी दाखवायला नेलं, तर हे वर बघत उभे.

“भाऊ, नळी खाली हाय,” मी म्हणालो.

“दिसली मले. पण हा गॅस हवेपरीस हलका असते, हवालदार. खाणीत तो छताले जाऊन बसते. आमी पयले वर पायतो.” त्यांनी काठीनं दाखवलं. कमरेखाली भिंती जवळजवळ पांढऱ्याच होत्या. डोक्याच्या वर काळ्याकुट्ट. बाबासाहेबांचा फोटो जिथं होता ती फळी तर साडेसहा फुटांवर. “पोरगी स्टुलावर चढून थेट गॅसात डोकं घालून उभी राह्यली. अन् तो झरोका कोणं बुजवला?”

छपराखालच्या झरोक्यात गोणपाट कोंबलेलं होतं. अर्धं जळलेलं.

“चिमण्या येतात म्हून,” बायनाबाई मागून म्हणाली. “शनवारी मीच कोंबलं. बल्की साहेबानं सांगतलं.”

देवरावभाऊ बाहेर गोबर गॅसच्या खड्ड्याकडं गेले. त्या खड्ड्यावर लोखंडी टोपी तरंगत असते. गॅस भरला की टोपी वर चढते, संपला की खाली बसते.

“सोमवारी सकाळी टोपी कुठवर होती?”

मी सांगायला तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. कारण मला आठवत होतं. स्फोटानंतर तासाभरात मी तिथं पोचलो, तेव्हा जीप येईस्तोवर सावली शोधत त्या टोपीच्या आडोशाला बसलो होतो. बसायला सावली होती. म्हणजे टोपी पुरती चढलेली होती.

“भरेल होती,” मी म्हणालो.

“मंग नळीतून खोलीभर गॅस गेला कुठून? आन् हा कॉक पाय. बंद हाय. त्यावर कोळ्याचं जाळं हाय, आठ दिसाचं.” म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. “नळी कापणाऱ्यानं नळी कापली, पण गॅस सोडला नाई. काऊन नाई सोडला, हवालदार?”

मी वाकून कॉक पाहिला. खरंच बंद होता.

“सोडला असता तं वास आला असता. आन् वास आला असता तं पोरीनं काडी ओढली नसती.”

त्यांनी फौजदारांच्या कागदावर सही केली नाही. फौजदार मला बाजूला घेऊन म्हणाले, म्हाताऱ्याला शुक्रवारपर्यंत खेळू दे, शुक्रवारी दुसरा पंच आणू.

४

जायच्या आधी बायनाबाईनं देवरावभाऊंना आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी तिला विचारली नव्हती. प्रयोगशाळेत आत काडी ओढायला सक्त मनाई. शेगड्या, बर्नर, सगळं ओसरीत. वर्षातून एकदाच आत ज्योत लागायची, जयंतीला, आणि पहिली मेणबत्ती लावायचा मान प्रमुखाचा. चार वर्षं बल्की साहेबच लावत आले होते.

“औंदा साहेबानं रविवारी माह्यापाशी निरोप देल्ला,” ती म्हणाली. “म्हणे मले उशीर होईन, सत्यशीलेले सांग, माह्यासाठी थांबू नको, पयली तूच लाव. पोरगी किती खूश झालती, बाप्पा. मले म्हणे, मावशी, साहेबानं मान देल्ला.”

बायनाबाई पदर तोंडावर घेऊन बसली. देवरावभाऊ तिच्याजवळ बसून राहिले.

मग गुणवंतराव. केसांना चमेलीचं तेल, बोटात अंगठी. महिन्याभरापूर्वी त्यानं सत्यशीलाचा हात धरला होता आणि तिनं सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली होती. हे तो आम्हाला सांगायचं विसरला होता. देवरावभाऊंनी आठवण करून दिली, तेव्हा त्याचं तोंड उतरलं.

“मी तिले मारलं नाई, भाऊ. माह्याकडं प्रयोगशाळेची किल्लीच नाई. दोनच किल्ल्या, एक तिची अन् एक साहेबाची.”

“जंगूचं भांडण तुमी पुरं ऐकलं का?”

“पुरं नाई. ती म्हणे, जंगूभाऊ, तुमचा कोळसा चाळीस वेळा भरल्यावर अर्धाच गॅस घेते. जंगू चिडला. मंग ती म्हणे, खोट तुमच्या कोळशात नाई, गोबर गॅसात हाय. मंग तो शांत झाला. दोघं चहा प्याले.”

“चहा प्याले हे पोलिसाले सांगतलं?”

“विचारलं कोणं?”

खरंच, विचारलं कोणी? मीच नाही विचारलं.

“अन् रविवारी टाकी?”

गुणवंतरावांनी सांगितलं. बुधवारी दिल्लीची समिती बघायला येणार होती, स्फोटामुळे आली नाही. तिच्यासाठी मोठी टाकी रिकामी करून ठेवायची होती. रविवारी चार वाजता ओसरीत मोठा बर्नर पेटवून टाकीतला गॅस जोरात सोडला. अर्ध्या तासात काटा शून्यावर. टाकी बाहेरून एवढी गार झाली की तिच्यावर दव धरलं, एप्रिलच्या उन्हात. सगळ्यांनी हात लावून पाहिला. सत्यशीला पाचच्या बसनं घरी गेली, जयंतीची तयारी करायला. टाकी नेहमी ओसरीतच असायची. पण ती गेल्यावर साहेबांनी जंगूला आणि गुणवंतरावाला सांगितलं, टाकी आत कोठीत ठेवा, चोरी होईल.

प्रयोगशाळा आणि कोठी यांच्यामध्ये फक्त पुरुषभर उंचीची भिंत होती. वर मोकळं. सकाळी प्रयोगशाळेत आलेल्याला कोठीतली टाकी दिसत नव्हती, आणि ओसरीत ती नाही हे जयंतीच्या घाईत कोण बघणार.

“व्हॉल्व्ह कोणं बंद केला?”

“जंगूनं. गच्च. मी पायलं.”

मला आठवलं, स्फोटानंतर मी पंचनाम्यात लिहिलं होतं, ‘व्हॉल्व्ह उघडा.’

गुरुवारी सकाळी बल्की साहेबांच्या खोलीत गेलो. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. टेबलावर सत्यशीलासाठी लिहिलेला शोकसंदेश होता, फार सुंदर अक्षरात. देवरावभाऊंनी टाकीचा विषय काढला.

“अहो, काटा शून्यावर होता,” साहेब हसले. दुःखी माणूस हसेल तसंच. “रिकाम्या टाकीत गॅस कुठून येणार? तुम्ही खाणीतले, तुम्हाला टाक्यांचं फारसं माहीत नसणार. स्फोटाच्या हादऱ्यानं व्हॉल्व्ह सैल झाला असेल.”

“व्हॉल्व्ह तीन आटे फिरवावा लागते, साहेब.”

“मग जंगूनं नीट बंद केला नसेल. पण त्यानं काय फरक पडतो? आत काही नव्हतंच.”

देवरावभाऊंनी मान डोलावली, चहा संपवला, आभार मानले. बाहेर येऊन मला म्हणाले, “हवालदार, पोरीचं घर कुठी हाय?”

५

सत्यशीलाची आई, इंदुताई, अंगणात बसली होती. नवी पांढरी साडी तिनंच घेऊन दिली होती. सुती घ्यायची होती पण नायलॉनची पटकन वाळते, पोरीला रोज धुवायला बरी, असं म्हणून नायलॉनची घेतली. हे तिनं आम्हाला तीनदा सांगितलं. 

मग तिनं एक वही आणून दिली. केंद्रातल्या वह्या इंग्रजीत असायच्या आणि सोमवारपासून सत्यशीलाची वही गायब होती. पण घरी ती दुसरी वही ठेवायची, मराठीत. जंगूला आणि बायनाबाईला वाचून दाखवता यावं म्हणून. देवरावभाऊंना बारीक अक्षर दिसेना. मी वाचलं.

‘चाळीस भरण्यांनंतर टाकी अर्धाच गॅस घेते. गोबर गॅसातली घाण कोळशाच्या भोकांत बसते आणि निघत नाही. सरांनी दिल्लीला पाठवलेला आकडा पहिल्या भरणीचा आहे. समितीला खरा आकडा सांगणार. सर म्हणाले, सांगू नकोस. मी सांगणार.’

पुढच्या पानावर: ‘घाण कोळशातच राहते म्हणून टाकीतून निघणाऱ्या गॅसला वास नसतो. हे फार धोक्याचं आहे. आणि काटा शून्यावर आला तरी चौथा हिस्सा गॅस कोळशात चिकटलेला राहतो. जोरात सोडला तर कोळसा गार पडतो आणि आणखी जास्त राहतो. टाकी गरम झाली की तो बाहेर येतो. रिकामी टाकी रिकामी नसते. म्हणून ती नेहमी उघड्यावर ओसरीत ठेवायची. सरांच्या छापील अहवालात हे आहे, पण इंग्रजीत. जंगूभाऊंना मराठीत समजावून सांगितलं.’

माझा आवाज तिथं थांबला. देवरावभाऊंना वाटलं अक्षर लागेना. त्यांनी वही मागितली. मी दिली, आणि अंगणातल्या रांजणावर जाऊन हात धुतले.

परत केंद्रात आलो. टाकी उन्हात ओढली. देवरावभाऊंनी व्हॉल्व्ह गच्च बंद केला. काटा शून्यावर. अकरा वाजले होते, चव्वेचाळीस डिग्रीचं ऊन. आम्ही पळसाखाली बसलो. बारा वाजता काटा शून्यावरून हलला. एक वाजता बोटभर वर होता.

व्हॉल्व्ह किंचित उघडून देवरावभाऊ म्हणाले, “हुंग.”

मी हुंगलं. काहीच वास नव्हता. त्यांनी खाणीतली बत्ती पेटवून जवळ धरली. जाळीच्या आत ज्योतीच्या डोक्यावर निळी टोपी चढली, खाणीत गॅस असला की चढते तशी.

“भट्टीसारखी तापते ती टिनाची खोली. टाकी आत, तीन आटे खुली, झरोका बंद. गॅस कोळशातून निघाला, भिंतीवरून पलीकडं गेला, छताले बसला. पोरीनं हुंगलं. वास नाई. टाकी आत हाय हे तिले ठाऊक नाई. तिच्या मते वास नाई तं गॅस नाई. तिचं शिकणंच तिच्या जिवावर उठवलं त्यानं.”

“मग जाऊन धरू त्याले,” मी उठलो.

“कशावर? तो म्हणन व्हॉल्व्ह जंगूनं उघडा ठेवला. अहवाल म्हणन मले आठवला नाई. फौजदार त्याच्याच बाजूचा.” म्हाताऱ्यानं खोकून घेतलं. “त्याच्या तोंडून काढाले पायजे, का त्याले ठाऊक होतं. आज सांजेच्या आत. मले चार घमेले दे आन् तुह्या ठाण्यातली एक कोठी.”

६

पाच वाजता ठाण्याच्या मालखान्यात आम्ही जमलो. लहान खोली, एकच दार, खिडकी बंद. कोपऱ्यात ती टाकी. व्हॉल्व्ह उघडा, काटा शून्यावर. फौजदार, गुणवंतराव, बल्की साहेब, देवरावभाऊ, मी. मी दार लावून घेतलं आणि पाठ लावून उभा राहिलो.

“पंचनाम्यावर सह्या घ्याच्या हायेत,” देवरावभाऊ म्हणाले. “मुद्देमाल म्हून टाकी इथी आणली. अकरा वाजतापासून उन्हात होती, मंग इथी, तोंड उघडंच. रिकामीच हाय.”

बल्की साहेब दाराकडं सरकले. “फार उकडतंय. बाहेर बसूया.”

“दोन मिनिटं, साहेब. सही तेवढी.”

“मला दम्याचा त्रास आहे. दार उघडा.”

मी हललो नाही. फौजदार साहेबांना या खेळातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना कंटाळा आला होता, आणि कंटाळा आला की ते सिगरेट काढायचे. त्यांनी काढली. खिशातून काडीपेटी काढली.

“हुंगा, साहेब, मंग काडी,” देवरावभाऊ म्हणाले. “केंद्राचा नियम हाय.”

फौजदार हसले. नाक वर करून हुंगलं. “काही वास नाही.” आणि काडी पेटीवर टेकवली.

बल्की साहेबांनी झेप घेतली. काडीपेटी उडाली, फौजदार भिंतीवर आदळले, आणि साहेब त्यांचे दोन्ही हात धरून किंचाळत होते, “पेटवू नका, वर गॅस आहे, वास येत नाही याला, कोळशात राहतो तो, रिकामी नसते ती टाकी...”

मग त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला असावा. ते थांबले.

देवरावभाऊंनी वाकून काडीपेटी उचलली, एक काडी काढली, ओढली आणि डोक्याच्या वर धरली. काडी शांतपणे जळली आणि विझली. मग टाकीचं झाकण, जे फक्त टेकवलेलं होतं, ते त्यांनी बाजूला केलं. आत कोळशाचा एक तुकडाही नव्हता.

“दोन वाजता कोळसा उपसून टाकला. टाकी खरंच रिकामी हाय. या खोलीत पाच माणसं होतो. फौजदारानं हुंगलं, आन् चौघंई सुखानं उभे राह्यले. रिकाम्या टाकीचं भेव फक्त एकाले वाटलं. सकाळी तुमी मले सांगतलं, रिकाम्या टाकीत गॅस कुठून येणार. आता सांगून राह्यले, रिकामी नसते. कोणतं खरं, साहेब?”

साहेबांनी दाराकडं पाहिलं.

“झरोका तुमी बुजवाले लावला. टाकी तुमी आत नेवाले सांगतली, पोरगी गेल्यावर. किल्ली तुमच्यापाशी. चार वर्सं पयली मेणबत्ती तुमी लावली, आन् औंदाच तिले मान देल्ला. नळी कापून जंगूचा कोयता ठेवला, पण कॉक उघडला नाई, कारण वास आला असता तं ती वाचली असती. तुमचा आकडा खोटा होता आन् ती बुधवारी खरा सांगणार होती.”

आता बल्की साहेब बसले. खिशातून रुमाल काढून चेहरा पुसला, मग तो रुमाल नीट घडी करून परत ठेवला.

“आकडा दोन वर्षांत खरा झाला असता,” ते म्हणाले. “घाण काढायची गाळणी मी बनवणारच होतो. तिला थांब म्हणालो. दहा वेळा म्हणालो. बीएस्सी झालेली पोरगी, तिला कोण विचारत होतं? वर्षभरात लोक तिला विसरले असते. काम राहिलं असतं.”

“आन् जंगू?”

“जंगू?” साहेबांना खरोखरच प्रश्न कळला नाही. “तो भट्टीवाला ना?”

फौजदारांनी त्यांना खुर्ची दिली आणि पाणी मागवलं. आमच्या ठाण्यात त्या आठवड्यात आरोपीला पाणी पहिल्यांदा मिळालं.

७

बल्कीला जन्मठेप झाली. फौजदारांची बदली झाली, बढतीवर. केंद्र बंद पडलं. प्लांटची टोपी कोणी भंगारात विकली असेल, मला माहीत नाही.

देवरावभाऊ जाताना मला ठाण्याच्या पायरीवर म्हणाले होते, “म्या फार डोकं नाई लावलं, हवालदार. सारं उत्तर त्या भट्टीवाल्याले ठाऊक होतं. त्याले कोणं विचारलं नाई का?”

मी त्यांना सांगितलं नाही. अंगात हिंमत नव्हती. कसं सांगणार, की विचारलं होतं, त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, टाकी रिकामी नव्हती, व्हॉल्व्ह मी बंद केला होता, आत ठेवायला साहेबांनी सांगितलं. तीन वाक्यांत सगळा खून उलगडला होता. मी त्या तीन वाक्यांसाठी त्याची तीन बोटं मोडली.

पावसाळा संपल्यावर मी त्याच्या पाड्यावर गेलो. बायको बुधरी त्याला पेज पाजत होती. उजवा हात तसाच आखडलेला, अंगठा आणि करंगळी तेवढी हलत होती. बेलाच्या कवटीचा एक कोळसा उंबऱ्यावर पडला होता. मी येताना पाहिलं, जंगू तो डाव्या हातानं उचलून कानाशी नेत होता, टिचकी मारायला दुसरा हात उठत नव्हता, म्हणून पुन्हा खाली ठेवत होता.

मी सांगितलं, चूक झाली. पाया पडतो म्हणालो. बुधरीनं माझ्याकडं पाहिलंच नाही. मी कोणीतरी आहे असंच तिला वाटत नसावं.

जंगूनं पेजेची वाटी डाव्या हातानं बाजूला सारली. मग म्हणाला, “मारलं ते मारलं, साहेब. पण म्या सांगतलं ते लेहून तरी घ्याचं होतं.”

मी निघालो.

मला निवृत्त होऊन आता अकरा वर्षं झाली. वहीत सरकारी शिक्का नाही, साक्षीदार नाही, आणि ज्याचा जबाब आहे तो मागच्या उन्हाळ्यात गेला. तरी लिहून घेतो.

जबाब देणार जंगू, धंदा भट्टीकाम. विचारल्यावरून सांगतो की टाकी रिकामी नव्हती.